अभयारण्यातील बांधकामे आणि पाण्याची वाट

सह्याद्रीच्या माथ्यावर मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की दोन-तीन दिवसांत खांडेपार नदीचे पाणी तांबडे होते. हे दृश्य नवे नाही. जांभ्या दगडाच्या आणि तांबड्या मातीच्या मुलखात पहिल्या पुराचे पाणी गढूळ असणारच. परंतु घाटातील एखाद्या उतारावर त्या वर्षी मोठी खोदाई झालेली असेल आणि तेथील मोकळी माती पावसापूर्वी आवरलेली नसेल, तर हा तांबडेपणा चार दिवसांत न ओसरता आठवडेच्या आठवडे टिकतो. मोले आणि कुळे परिसरातील ओढे व नद्या ज्या खांडेपार नदीला मिळतात, तिच्याच पाण्यावर ओपा येथील पाणीपुरवठा केंद्र चालते, आणि फोंडा व तिसवाडी तालुक्यांतील घरांत तेच पाणी नळाने पोहोचते. पाण्यातील गाळ वाढला की तुरटी अधिक लागते, गाळण्यांचे थर लवकर तुंबतात आणि शुद्धीकरणाचा वेग उतरतो. घाटात टाकलेल्या मातीचा आणि पणजीतील स्वयंपाकघराचा संबंध असा सरळ आहे. अभयारण्यात होणारी बांधकामे हा केवळ गवे-बिबट्यांच्या हिताचा प्रश्न आहे, असे समजणाऱ्यांनी प्रथम ही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी.

भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटर क्षेत्र संरक्षित आहे. त्यांतील १०७ चौरस किलोमीटर भागाला १९७८ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. याच अरण्यातून मुरगावहून निघालेला लोहमार्ग १८८०च्या दशकात घाट चढून कॅसलरॉकपर्यंत नेण्यात आला. याच अरण्यातून अनमोड घाटाचा रस्ता बेळगावकडे जातो आणि विजेच्या ताराही जातात. यांशिवाय वनखात्याच्या चौक्या, पर्यटकांसाठी पायवाटा, लहान साकव, पाण्याची टाकी अशी किरकोळ कामे दरसाल चालूच असतात. संरक्षित क्षेत्र म्हणजे जेथे कधीच कुदळ पडत नाही असे क्षेत्र, ही कल्पना वस्तुस्थितीला धरून नाही. मोले, कुळे किंवा सत्तरीच्या आतल्या वाड्यांतील माणसाला रात्री-अपरात्री दवाखान्यात पोहोचण्यासाठी रस्ता हवा असतो, आणि त्याची ही मागणी रास्तच आहे. विचार करावयाचा तो काम कोठे करावे आणि कसे करावे याचा.

रेघ ओढण्यापूर्वी

बांधकामामुळे निसर्गावर होणारा परिणाम आवरण्याच्या चार पायऱ्या मानल्या जातात. पहिली, हानी टाळणे. दुसरी, टाळता न येणारी हानी कमी करणे. तिसरी, बिघडलेले पूर्ववत करणे. आणि चौथी, जे पूर्ववत होऊ शकत नाही त्याची भरपाई करणे. क्रम महत्त्वाचा आहे. व्यवहारात मात्र पुष्कळदा चौथ्या पायरीपासूनच सुरुवात होते. इतकी झाडे तोडू, तितकी दुसरीकडे लावू, असा हिशेब मांडला की फाईल पुढे सरकते. परंतु झरा, त्याच्या काठची दमट सावली आणि त्या सावलीत वाढणारी झाडे दुसऱ्या तालुक्यात लावता येत नाहीत. सत्तरीतील निरंकाराची राय ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे सांगावे लागणार नाही. रानटी जायफळाच्या जातीचे वृक्ष तेथे पाणथळीत उभे आहेत, आणि त्यांची मुळे श्वास घेण्यासाठी चिखलातून वर आलेली दिसतात. वरच्या बाजूस एखादे गटार खणून पाण्याचा प्रवाह वळविला, तर कुऱ्हाडीचा एक घावही न घालता असे जंगल मरते.

म्हणून सर्वांत अधिक काम होते ते नकाशावर रेघ ओढण्यापूर्वी. नव्या मार्गाने जंगलाचे दोन तुकडे करण्यापेक्षा आधीच्या रस्त्याच्या किंवा तारांच्या पट्ट्यातच काम बसविता येते काय, हे आधी पाहावे लागते. क्वचित असेही दिसून येते की कामाची गरजच पुन्हा तपासून पाहावयास हवी. कॅसलरॉक ते कुळे हा सुमारे २६ किलोमीटरचा घाटमार्ग आहे आणि त्याचा चढ ३७ फुटांमागे एक फूट इतका तीव्र आहे. या मार्गाच्या दुपदरीकरणास राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२२ रोजी रद्द केली. तथापि, संरक्षित क्षेत्रातील जीवसृष्टीवर होणाऱ्या परिणामांचा तपशीलवार अभ्यास करून नवा प्रस्ताव मांडण्याची मुभा न्यायालयाने ठेवली. हा निर्णय कोणाला आवडो वा न आवडो, त्यातील व्यावहारिक बोध अभियंत्यांनी घ्यावा असा आहे. अभ्यास आधी झाला नाही, तर तो नंतर न्यायालयाच्या दारात करावा लागतो, आणि तोपर्यंत वर्षे व पैसा दोन्ही खर्ची पडलेले असतात. या घाटातील उतार किती नाजूक आहेत हे सांगण्यास तर आणखी पुरावा नको. २३ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीत दूधसागर व सोनावळी या स्थानकांदरम्यान दरड आली आणि मंगळुरूहून मुंबईस जाणारी प्रवासी गाडी रुळांवरून घसरली. सुदैवाने प्राणहानी झाली नाही.

कायद्याची चौकट थोडक्यात अशी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात वन्यजीवांच्या वसतिस्थानाला बाधा आणणारे किंवा पाण्याचा प्रवाह वळविणारे, थांबविणारे वा वाढविणारे कोणतेही काम मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवान्याविना करता येत नाही. पाण्याचा उल्लेख कायद्यातच स्पष्ट आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. वनजमीन इतर कामास वापरण्यासाठी १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्र शासनाची मान्यता लागते. या कायद्याचे नाव २०२३ साली बदलण्यात आले. मोठ्या प्रकल्पांना याखेरीज २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणविषयक मंजुरी घ्यावी लागते.

अट एका कागदावर, पैसा दुसऱ्या कागदावर

परवानगी मिळते तेव्हा तिच्यासोबत अटींची यादी येते. सूर्यास्तानंतर काम करू नये, माती उतारावर ढकलू नये, मजुरांची वस्ती हद्दीबाहेर असावी, ओढ्याचा प्रवाह अडवू नये, इत्यादी. या अटी बहुधा चांगल्याच असतात. तरीही प्रत्यक्ष कामावर त्यांतील निम्म्या दिसत नाहीत, याचे कारण केवळ कंत्राटदाराचा अप्रामाणिकपणा हे नव्हे. खरे कारण पुष्कळदा अंदाजपत्रकात सापडते.

एक साधा हिशेब करून पाहू. डोंगराच्या कडेने जाणारा एक किलोमीटर रस्ता रुंद करावयाचा आहे. डोंगराच्या बाजूस तीन मीटर रुंद आणि सरासरी चार मीटर उंच कापणी करावी लागली, तर १२,००० घनमीटर माती व दगड निघतो. खणलेली माती फुगते. ती सव्वापट धरली तरी १५,००० घनमीटर होते. एका डंपरमध्ये दहा घनमीटर मावते असे धरले तर १,५०० खेपा झाल्या. आता अट अशी आहे की ही माती अभयारण्याच्या हद्दीबाहेर, समजा आठ किलोमीटरवर ठरवून दिलेल्या जागी टाकावी. म्हणजे जाऊन-येऊन सोळा किलोमीटरची एक खेप आणि एकूण २४,००० किलोमीटरची वाहतूक. हा खर्च निविदेत स्वतंत्र बाब म्हणून दाखविलेला नसेल, तर तो कोण सोसणार? कंत्राटदाराने दर भरले ते निविदेतील बाबी पाहून. परवानगीपत्र त्याने पाहिलेलेच नसते, किंवा पाहिले तेव्हा करार होऊन गेलेला असतो. मग रात्री दरीच्या बाजूस दहा खेपा ओतल्या जातात. सकाळी वनरक्षकाला ताजा तांबडा ओघळ दिसतो. तो पत्र लिहितो, त्याला उत्तर येते, आणि तोवर पाऊस येतो.

यावर उपाय अवघड नाही, मात्र तो वेळेवर करावा लागतो. परवानगीपत्रातील प्रत्येक अटीपुढे अंदाजपत्रकातील बाबीचा क्रमांक लिहिलेला असावा. माती हद्दीबाहेर नेणे, गाळ अडविण्याचे खड्डे खणणे व ते उपसणे, उतारावर दगडांच्या जाळ्या बसविणे, मजुरांसाठी इंधन पुरविणे, वरच्या थराची माती साठवणे, या सर्वांना परिमाण आणि दर हवा. ज्या अटीपुढे क्रमांक लिहिता येत नाही, ती अट पाळली जाणार नाही असे समजण्यास हरकत नाही. कार्यकारी अभियंत्याने निविदा काढण्यापूर्वी हा तक्ता वनाधिकाऱ्यांसमवेत बसून तयार केला, तर पुढील दोन वर्षांचा पत्रव्यवहार वाचतो. अटींचे मराठी भाषांतर करून ते मुकादमाच्या हाती देणे हेही तितकेच आवश्यक आहे. पोकलेन चालविणारा मनुष्य बहुधा परप्रांतातील असतो, त्याला तर चित्रे काढूनच दाखवावे लागते. इंग्रजी पत्र मुख्य कार्यालयाच्या फाईलमध्ये आणि यंत्र घाटात, असा प्रकार उपयोगाचा नाही.

मृग नक्षत्राचे वेळापत्रक

घाटमाथ्याच्या मुलखात चार महिन्यांत तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. येथील बांधकामाचे वेळापत्रक आर्थिक वर्षावर नव्हे, तर पावसावर बसवावे लागते. दुर्दैवाने मंजुरी, निविदा, कार्यादेश हे सर्व आटोपेपर्यंत फेब्रुवारी उजाडतो. काम जोरात येते ते एप्रिल-मे महिन्यांत, आणि मृग लागतो तेव्हा उतार उघडे असतात. नव्याने कापलेला डोंगर एका पावसाळ्यात जितका झिजतो, तितका झाडोऱ्याखालचा डोंगर कित्येक वर्षांत झिजत नाही.

म्हणून खोदाई पाऊस ओसरल्यावर सुरू करून एप्रिलअखेर थांबवावी आणि मे महिना केवळ झाकण्यासाठी राखून ठेवावा, ही पद्धत घाटातील कामास योग्य ठरते. झाकणे म्हणजे कापलेल्या उताराच्या माथ्यावर पाणी बाजूला वळविणारी चर काढणे, मोकळ्या मातीवर काथ्याची जाळी पसरून तिच्यात गवताचे बी टाकणे आणि पायथ्याशी दगडांच्या जाळ्या रचणे. वाळ्याची मुळे खोल जातात, त्यामुळे ओळीने लावलेला वाळा मातीला चांगला धरून ठेवतो. पाणी ज्या वाटेने ओढ्यात उतरणार, तेथे एकापाठोपाठ दोन-तीन खड्डे असावेत, म्हणजे गाळ तेथेच बसतो. हे खड्डे पहिल्या मोठ्या पावसात भरतात. ते उपसले नाहीत तर दुसऱ्या पावसात त्यांचा उपयोग शून्य. खड्डा खणल्याचे बिल निघते, उपसण्याचे निघत नाही, हे पुन्हा निविदेपाशीच येऊन थांबते. एका वर्षात जितका उतार झाकता येईल तितकाच उघडावा, हा नियम पाळला तर काम एक हंगाम लांबते खरे, परंतु कोसळलेली संरक्षक भिंत दुसऱ्यांदा बांधण्याचा प्रसंग टळतो.

गाळाचे दुष्परिणाम केवळ नळापुरते नाहीत. घाटातील ओढ्यांत लहान मासे दगडगोट्यांच्या फटींत अंडी घालतात. बारीक माती त्या फटींत बसली की अंड्यांना प्राणवायू मिळत नाही. वरून पाणी पुन्हा स्वच्छ दिसू लागते, तरी तळ मात्र लिंपलेला राहतो.

सिमेंटचे पाणी हा असाच एक न दिसणारा शत्रू आहे. काँक्रीट मिसळण्याचे यंत्र दिवसअखेर धुवावे लागते आणि जवळचा ओढा ही त्यासाठी सोयीची जागा वाटते. सिमेंटचे पाणी तीव्र क्षारधर्मी असते. उन्हाळ्यात जेव्हा ओढा डबक्या-डबक्यांतून उरलेला असतो, तेव्हा एका यंत्राचे धुवण त्यातील एका डबक्यातील सर्व मासे मारण्यास पुरेसे होते. धुण्यासाठी ओढ्यापासून दूर, तळ घट्ट केलेला एक खड्डा आणि डिझेल-तेलाच्या पिंपांखाली एक सिमेंटचा ओटा, एवढ्यावर हे निभावते. यापेक्षा स्वस्त उपाय संपूर्ण बांधकामशास्त्रात क्वचितच असेल.

मोऱ्यांविषयी दोन शब्द. मोरीचा तळ ओढ्याच्या तळाहून उंच ठेवला, तर खालच्या बाजूस पाणी धबधब्यासारखे पडून खड्डा होतो. मासे आणि खेकडे मग वर चढू शकत नाहीत. तळ ओढ्याच्या पातळीखाली थोडा बुडवून त्यावर नैसर्गिक दगड-वाळू साचू द्यावी. पेटीच्या आकाराची मोरी असेल, तर एका कडेस पाण्याच्या पातळीवर कोरडा कट्टा ठेवावा. उदमांजर, साळिंदर, मुंगूस यांसारखे प्राणी त्यावरून रस्ता न ओलांडता पलीकडे जातात.

जनावरांची वाट: एका महामार्गाचे उदाहरण

मोठ्या जनावरांसाठी काय करावे लागते, याचे भारतातील ठळक उदाहरण मराठी वाचकांच्या परिचयाच्या रस्त्यावरच आहे. श्रीनगरहून कन्याकुमारीस जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग ग्वाल्हेर, नागपूर आणि हैदराबाद या तिन्ही शहरांवरून जातो. शिवनी आणि नागपूर यांच्या दरम्यान तो पेंच व्याघ्र प्रकल्पालगतच्या जंगलातून जातो. पेंच आणि कान्हा यांच्या दरम्यान वाघांची जा-ये ज्या पट्ट्यातून होते, तो पट्टा हा रस्ता कापतो. चौपदरीकरणाचा प्रश्न काही वर्षे न्यायालयांत आणि निरनिराळ्या यंत्रणांपुढे रेंगाळला. अखेर डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या सल्ल्याने रस्ता ठिकठिकाणी खांबांवर उचलण्यात आला. महाराष्ट्राच्या हद्दीत अशा नऊ जागा आहेत. त्यांतील लहानात लहान सुमारे ५० मीटर आणि मोठ्यात मोठी ७५० मीटर लांब आहे. मध्य प्रदेशाच्या बाजूस अशा पुलांखेरीज गाड्यांचा आवाज व उजेड जंगलात जाऊ नये म्हणून रस्त्याच्या कडेस भिंतीही उभारल्या आहेत.

याचा उपयोग होतो काय? २०१९ साली महाराष्ट्रातील नऊ जागी स्वयंचलित कॅमेरे लावून हे तपासण्यात आले. १८ जातींचे वन्य प्राणी पुलांखालून जाताना टिपले गेले. ११ निरनिराळ्या वाघांनी मिळून ८९ वेळा ही वाट वापरली. वाघाच्या अंगावरील पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशाप्रमाणे वेगवेगळे असतात, त्यामुळे वाघ किती आणि फेऱ्या किती, हे निश्चित सांगता आले.

जनावर अंधाऱ्या बोगद्यात सहसा शिरत नाही. पलीकडचे जंगल आणि प्रकाश दिसला तरच ते पाऊल टाकते. म्हणून पुलाची उंची व रुंदी कमी करून केलेली काटकसर ही पुष्कळदा संपूर्ण खर्च वाया घालविते. पुलाखालची जमीन मोकळी, मातीची आणि माणसांच्या वर्दळीपासून दूर असावयास हवी. तेथे खडीचे ढीग राहिले किंवा गाड्या उभ्या राहू लागल्या, तर जनावर पुन्हा रस्त्यावरच येते.

गोव्यातील घाटांची रचना पेंचच्या सपाट जंगलाहून वेगळी आहे, म्हणून ते आराखडे येथे जसेच्या तसे उचलता येणार नाहीत. गोव्याचा राज्यप्राणी गवा जड देहाचा. तो ओढ्याच्या काठाने, ठरलेल्या सोंडेवरून उतरतो. पूल नेमका त्या सोंडेपाशी नसेल तर कितीही मोठा असून उपयोग नाही. ही वाट कोणती, हे स्थानिक धनगर, वेळीप वा गावकर मंडळी जितक्या अचूकपणे सांगतील, तितके कोणताही नकाशा सांगणार नाही. पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याने दोन दिवस त्यांच्याबरोबर चालावे. शेकरू आणि लाजवंती हे तर झाडांवरचे जीव. त्यांना रस्त्याच्या दोन्ही कडांच्या फांद्या एकमेकींना भिडलेल्या हव्या असतात. रुंदीकरणात काही ठिकाणी तरी अशा कमानी राखून ठेवल्या तर त्यांची वाट तुटत नाही. पावसाळ्यातील रात्री बेडूक आणि सर्प डांबरावर येऊन चिरडले जातात, ते वाहनांचा वेग आवरल्यावाचून थांबणार नाही. येथे बांधकामापेक्षा गतिरोधकाचे महत्त्व अधिक.

उजेड, सुरुंग आणि मजुरांची वस्ती

खडक फोडण्याचे काम दिवसा आणि ठरावीक वेळीच करावे, हे सर्वमान्य आहे. त्याचे कारण एका उदाहरणाने स्पष्ट होईल. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, भीमगड अभयारण्याच्या परिसरात, तळेवाडीजवळ बारापेडे ही गुहा आहे. रॉटनचे वटवाघूळ म्हणून ओळखली जाणारी अत्यंत दुर्मीळ जात तेथे राहते. जगात फारच थोड्या ठिकाणी ती आढळली आहे. अशा गुहेच्या आसपास सुरुंगाचे हादरे बसू लागले आणि वटवाघळांनी गुहा सोडली, तर त्यांना दुसरी गुहा बांधून देता येत नाही.

मजुरांच्या वस्तीविषयी बोलताना दोष मजुरांच्या माथी मारण्याची सवय सोडली पाहिजे. ज्याला गॅसची शेगडी दिलेली नाही, तो लाकूड तोडणारच. ज्याच्यासाठी संडास बांधलेला नाही, तो ओढ्यावर जाणारच. वस्ती हद्दीबाहेर ठेवून, ने-आण करण्यास गाडी देऊन, इंधन व पाणी पुरविले, तर तक्रारीची बहुतेक कारणे नाहीशी होतात. उष्टे-खरकटे उघड्यावर टाकले की माकडे आणि मोकाट कुत्री जमतात, आणि कुत्र्यांचे रोग रानातील कोळसुंद्यांपर्यंत पोहोचतात. ही बाब लहान दिसते, तशी नाही.

काम संपल्यानंतर

यंत्रे परत गेली म्हणजे काम संपले असे नव्हे. खोदाईच्या वेळी वरचा वीतभर मातीचा थर निराळा काढून सावलीत साठविला असेल, तर तोच पुन्हा पसरावा. त्यात स्थानिक गवते आणि झुडपे यांचे बी असते, आणि पहिल्या पावसात ते रुजते. हा थर दरीत गेला असेल, तर उघड्या मुरमावर प्रथम येते ती रानमोडी, तिच्यामागून घाणेरी. एकदा तिने पाय रोवला की गव्याला चरण्यास काही उरत नाही. हिरवे दिसावे म्हणून भराभर वाढणारी ऑस्ट्रेलियन बाभूळ लावण्याचा मोह पूर्वी फार झाला. संरक्षित क्षेत्रात तो पूर्णपणे टाळावा. किंदळ, मत्ती, भेरली माड, उंबर, कुंभा अशी त्याच परिसरातील रोपे वनखात्याच्या रोपवाटिकेत एक वर्ष आधी सांगून ठेवली तर मिळतात. हे एक वर्षच नेमके विसरले जाते.

मोठ्या प्रकल्पांवर सर्वांचे लक्ष असते, लहान कामांवर नसते. पर्यटकांसाठी ओढ्याच्या काठाने केलेली काँक्रीटची पायवाट, निरीक्षण मनोऱ्याकडे जाण्यासाठी यंत्राने काढलेला गाडीरस्ता, पाणवठ्याशेजारी बांधलेले स्वच्छतागृह, ही कामे काही हजार किंवा काही लाख रुपयांची असतात आणि त्यांचा वेगळा अभ्यास होत नाही. संरक्षणासाठी नेमलेल्या खात्यानेच केलेली असल्यामुळे त्यांना कोणी हरकतही घेत नाही. तरी वर सांगितलेले सर्व नियम त्यांना लागू आहेत. जेथे रचलेल्या दगडांची पायवाट पुरते तेथे काँक्रीट ओतू नये.

ग्रामस्थ आणि शाळा काय पाहू शकतात

पर्यावरणविषयक मंजुरी जेथे लागते, तेथे मंजुरीपत्राची प्रत संबंधित ग्रामपंचायतीस द्यावी लागते आणि अटींच्या पूर्ततेचा अहवाल दर सहा महिन्यांनी सादर करावा लागतो. इतर कामांचे परवानगीपत्र आणि निविदेतील बाबींची यादी माहितीच्या अधिकाराखाली मागता येते. सरपंचांनी हे दोन्ही कागद ग्रामसभेत शेजारी-शेजारी ठेवून वाचून दाखवावेत. कोणत्या अटीसाठी पैसा धरलेला नाही, हे अर्ध्या तासात कळते, आणि ते काम सुरू होण्यापूर्वी कळले तर दुरुस्त करता येते.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कनिष्ठ अभियंता, वनरक्षक, कंत्राटदाराचा मुकादम आणि पंचायतीचे दोन सदस्य यांनी कामाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी जावे. उघडा उतार, दरीच्या बाजूचा मातीचा ढीग, तुंबलेली मोरी, न उपसलेला खड्डा, जे जे दिसेल ते मैलाच्या दगडाचा आकडा घालून तेथेच लिहून घ्यावे आणि सर्वांनी सही करावी. मोटारीतून केलेल्या पाहणीत यांतील काहीच दिसत नाही.

शाळांना करता येण्याजोगे एक सोपे काम आहे. काचेच्या एकसारख्या, रुंद तोंडाच्या बाटल्या घ्याव्यात. काम चालू असेल त्या जागेच्या वरच्या अंगास आणि खालच्या अंगास, अशा दोन ठिकाणी ओढ्याचे पाणी दर सोमवारी भरावे. पूर आलेला असताना मुलांना ओढ्यावर पाठवू नये. त्या दिवशी शिक्षकांनी साकवावरून बादली सोडून पाणी घ्यावे. बाटल्या एक दिवस न हलविता ठेवल्या की तळाशी गाळ बसतो. त्याची जाडी पट्टीने मोजून, तारीख आणि त्या दिवशीचा पाऊस यांसह वहीत लिहावी. वरची बाटली जवळजवळ स्वच्छ आणि खालच्या बाटलीत बोटभर गाळ, असे दोन आठवडे लागोपाठ दिसले, तर ती वही आणि त्या दोन बाटल्या घेऊन मुख्याध्यापकांनी वनक्षेत्रपालाच्या कार्यालयात जावे. बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटविलेल्या असाव्यात, आणि त्या पेन्सिलीने लिहिलेल्या असाव्यात, कारण पावसात शाई पुसली जाते.